सगळं येतं ना यात?

रोह्याच्या शाळेत सरांनी आम्हाला भूगोल शिकवला. जगाचा नकाशा ते फळ्यावर न बघता काढायचे, हात झटकून खडू उडवायचे आणि म्हणायचे, "यातलं मी काही पाहिलेलं नाही. तुमच्यातलं कोणी गेलंच, तर येऊन मला सांगा." एकदा त्यांनी कंबोडियातल्या एका नदीबद्दल सांगितलं. ती पावसाळ्यात उलटी वाहते. मोठ्या नदीला इतकं पाणी येतं की तळ्यातून निघालेली ही नदी मागे फिरते आणि तळंच भरायला लागते. पाऊस सरला की परत सरळ. मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं, "खोटं सांगतात." सरांनी ते ऐकलं. म्हणाले, "खाडीला भरती आली की आपल्या नदीचं पाणी खाली काय करतं ते जाऊन बघ. मग मला खोटारडा म्हण."

लग्न होऊन मी पेणला आले. नवरा नागोठण्याजवळच्या कंपनीत शिफ्टला जाणारा. घरात दिवसभर एकटी बसून काय करायचं म्हणून मी एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर एक खोली घेतली. रेल्वेची तिकिटं, विमानाची तिकिटं, पासपोर्टचे फॉर्म, आणि परदेशी जाणाऱ्यांसाठी प्रवास विमा. विम्याच्या एजन्सीसाठी परीक्षा द्यावी लागली होती. ती मी पाठ करून दिली. पास झाले. पाठ केलेलं त्यानंतर किती दिवस डोक्यात राहिलं, ते मला सांगता येणार नाही.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. विमा हा माझ्या लेखी एक कागद होता. टूरवाले म्हणायचे, विमा पाहिजेच, सगळ्यात स्वस्त टाका. लोकही तेच म्हणायचे. मी नावं, जन्मतारखा, पासपोर्टचे नंबर भरायचे, बटण दाबायचे, आणि छपाई होऊन आलेली पानं पाकिटात घालून द्यायचे. ती पानं मी कधी वाचली नव्हती. घेणाऱ्यांपैकीही कोणी वाचली नसतील.

सर निवृत्त झाल्यावर सहा-सात वर्षांनी ते आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, माझ्या जिन्याच्या पायऱ्या चढून वर आले. सरांना धाप लागली होती. काकूंच्या हातात रोह्याच्या पुलापलीकडच्या त्यांच्या अष्टमी गावातल्या दुकानातून घेतलेली कापडी पिशवी, तीत दोघांचे पासपोर्ट रुमालात गुंडाळलेले. त्यांना मूल नव्हतं. सर दारातूनच म्हणाले, "पोरी, तुमच्यापैकी कोणी येऊन सांगितलं नाही. आता मीच जाऊन बघतो."

एका टूरबरोबर व्हिएतनाम आणि कंबोडिया. नोव्हेंबरात. त्या दिवसांत ती नदी परत सरळ व्हायला लागते, हे त्यांनी शोधून काढलं होतं. काकूंना नदीशी काही देणंघेणं नव्हतं. त्या हसत म्हणाल्या, "चाळीस वर्षं ऐकतेय गो मी ही नदी. एकदाची बघू दे, म्हणजे गप्प होतील."

मी फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, पत्ता. मग तो प्रश्न आला: पूर्वीपासूनचा काही आजार आहे का? मी विचारलं. सर लगेच म्हणाले, "ब्लडप्रेशर आहे. रोज सकाळी एक गोळी. आठ वर्षं झाली."

मी म्हणाले, "सर, ते लिहू नका. सगळ्यांनाच असतं या वयात. लिहिलं तर उगाच प्रश्न विचारत बसतात, प्रीमियम वाढतो."

सरांनी चष्मा काढला. "मग चालतं का तसं?"

"चालतं. सगळे तसंच करतात."

ते माझ्याकडे बघत राहिले. वर्गात कोणी तोंडपाठ उत्तर दिलं की ते असे बघायचे, याला खरंच कळलंय का हे जोखत. मी तोवर "नाही" वर टिचकी मारली होती. काकू पिशवीतून पाण्याची बाटली काढत होत्या. एवढंच घडलं. मिनिटभराचंसुद्धा नसेल.

निघायच्या आदल्या दिवशी सरांनी व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवला. त्यांना टाइप करायचा कंटाळा. "पोरी, ते विम्याचे कागद बॅगेत ठेवलेत. बारीक अक्षरं आहेत फार, भिंगाने सुद्धा लागत नाहीत. सगळं येतं ना यात?" मी तेव्हा एका कुटुंबाची तिकिटं काढत होते. मी त्यांना अंगठा पाठवला. पिवळा, वर केलेला अंगठा.

नवव्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. त्यांचा आवाज इतका सावकाश होता की आधी मला वाटलं, फोनच खराब आहे. सर हॉटेलात आंघोळीला गेले आणि पडले. उजवी बाजू हलत नाही. बोलता येत नाही. टूरच्या माणसाने दवाखान्यात नेलंय. इथली भाषा कळत नाही. तू त्या विमावाल्यांना सांगशील का?

मी विम्याच्या मदत क्रमांकावर फोन लावला. आधी एक धून वाजते. बासरीसारखी, पण बासरी नव्हे, मशीनची. ती मी पुढच्या पाच दिवसांत इतक्या वेळा ऐकली की अजूनही वडखळच्या नाक्यावर कोणाच्या फोनमधून तसले सूर आले, तर मी रस्त्याच्या पलीकडे जाते. मग एक मुलगी आली. हिंदीत बोलायची, फार नम्रपणे. तिने पॉलिसीचा नंबर घेतला, दवाखान्याचे कागद मागितले. टूरच्या माणसाने फोटो काढून पाठवले, मी पुढे पाठवले.

तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की मेंदूत रक्तस्राव आहे आणि त्यांच्याकडे शस्त्रक्रियेची सोय नाही. बँकॉकला हलवायला हवं, विमानाने, डॉक्टर सोबत घेऊन. पॉलिसीत तसं हलवण्याची सोय होती. पहिल्याच पानावर ठळक छापली होती. मी त्या मुलीला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हो मॅडम, सोय आहे. आमचे डॉक्टर कागद तपासतील. चोवीस तास लागतील."

चोवीस तास. तिथलं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. मी मनातल्या मनात सारखी दीड तास मिळवत राहायचे. इथे अकरा, म्हणजे तिथे साडेबारा. आता डॉक्टर बघून गेले असतील. आता काकू जेवल्या असतील की नसतील. पुढे कित्येक महिने ती सवय गेली नाही. भाजी चिरताना, एसटीची वाट बघताना, मी दीड तास मिळवत असायचे, आणि मग आठवायचं की तिथे आता आपलं कोणीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीच मुलगी बोलली. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं: रुग्णाला आठ वर्षांपासून उच्च रक्तदाब. ते काकूंनी सांगितलं होतं. डॉक्टरांनी खुणा करून विचारलं, तेव्हा काकूंनी पिशवीतली गोळ्यांची पट्टी काढून दाखवली आणि आठ बोटं वर केली. डॉक्टरपाशी कोण खोटं बोलतं? "मॅडम, हा आधीपासूनचा आजार आहे. त्यातून उद्भवलेली कोणतीही गोष्ट या प्लॅनमध्ये येत नाही. दवाखाना नाही, हलवणं नाही."

"पण ते मरतील," मी म्हणाले.

 ती म्हणाली, "मला खरंच वाईट वाटतंय, मॅडम." मला वाटतं, तिला वाटलंही असेल.

विमानाचा खर्च आमच्या कोणाच्याच आवाक्यातला नव्हता. टूरमधल्या लोकांनी वर्गणी काढली. मी इथे रोह्यातल्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावले. जे जमलं त्यातून त्याच दवाखान्याचा खर्च भागला. पाचव्या दिवशी सकाळी सर गेले. बँकॉकला नेलं असतं तर वाचले असते का? हे मी नंतर पेणच्या आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही." मी दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं. तेही तेच म्हणाले. "नक्की वाचले नसते," असं कोणीच म्हणेना. मला तेवढं एकच हवं होतं.

त्यांना तिथेच, एका बौद्ध मठाच्या आवारात अग्नी दिला. काकू अस्थी घेऊन परत आल्या. विमानतळावर मी आणि नवरा गेलो होतो. काकूंनी माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "दमलीस गो तू. किती फोन केलेस." त्यांना काही ठाऊक नाही, हे मला त्या हातावरून कळलं. गाडीत मी पुढे बसले. मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर सर ऑफिसात यायला लागले. भूतबित म्हणत नाही मी. जिन्यावर कोणी धापा टाकत चढलं की मला वाटायचं, आता म्हणतील, पोरी. समोरच्या खुर्चीत गिऱ्हाईक बसलं की चष्मा काढून बघणारा तो चेहरा त्याच्या जागी दिसायचा. मी खुर्ची बदलली. भिंतीला टेबल लावून बसायला लागले. मग पाठीमागून बघितल्यासारखं वाटायचं, ते त्याहून वाईट. त्यांचा आवाजी निरोप मी पुसला नाही आणि ऐकलाही नाही. पण एकदा फोन खिशात दाबला जाऊन तो आपोआप सुरू झाला, नागोठण्याच्या बाजारात, मासळीवाल्यांच्या गलक्यात. सगळं येतं ना यात? माझ्या बाजूची बाई म्हणाली, "तुमचा फोन बोलतोय, ताई."

दोन महिन्यांनी काकूंनी बोलावलं. मी भिसे खिंडीतून जाणाऱ्या एसटीने रोह्याला उतरले आणि पूल ओलांडून अष्टमीला त्यांच्या घरी गेले. काकूंनी टेबलावर पॉलिसीचे कागद मांडून ठेवले होते. म्हणाल्या, "पेपर, पत्रं, सगळं मला तेच वाचून दाखवायचे. हे तेवढं राहिलं. त्यांना का नाय मिळालं ते मला समजून घ्यायचंय. इंग्रजीत हाय. तू वाच आणि मराठीत सांग. सगळं. एक ओळ सोडू नकोस."

तीस-बत्तीस पानं होती. मी तीन रविवार गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी ते वाचत होते, ते विकल्यानंतर, माणूस गेल्यानंतर. हरवलेल्या बॅगेबद्दल चार पानं होती. विमान उशिरा सुटलं तर किती तासांनी काय, तेही. साठ वर्षांपुढच्या माणसाला दवाखान्याच्या खोलीसाठी वेगळी मर्यादा, शस्त्रक्रियेसाठी वेगळी. म्हणजे पहिल्या पानावरचा मोठा आकडा त्यांच्यासाठी मुळात नव्हताच. काकू मधेच थांबवायच्या. "म्हणजे काय?" मी सांगायचे. "म्हणजे नाय मिळणार?" "नाही." "मग असं का नाय लिहीत, की नाय मिळणार?" मी पुढची ओळ वाचायला घेतली.

तिसऱ्या रविवारी शेवटची पानं आली. सरांच्या नावाने भरलेला फॉर्म. नाव, वय, पत्ता मी वाचला. मग थांबले.

"वाच ना."

"पूर्वीपासूनचा काही आजार आहे का. उत्तर, नाही."

 बाहेर शेजारची सून दोरीवरचे कपडे काढत होती. काकूंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे कोणी लिहिलं? त्यांना खोटं लिहिता येत नव्हतं."

"मी. त्यांनी मला सांगितलं होतं, गोळी घेतो म्हणून. मीच म्हटलं, लिहू नका."

मला वाटलं होतं, त्या ओरडतील, रडतील. मी त्याची तयारी करूनच खिंड चढून आले होते. त्यांनी नुसते कागद ओढून घेतले, सारखे केले आणि विचारलं, "हे तू लिहून देशील? कंपनीला. की चूक माझी, त्यांची नाय."

"देईन."

घरी नवरा चिडला. चिडण्यासारखंच होतं. "लायसन्स जाईल. वर केस होईल. आणि त्याने माणूस परत येणारे का?" मी म्हणाले, "नाही येणार." रात्रपाळीला निघताना तो दारात थांबून म्हणाला, "लिही बाई. तू अशी घरात हिंडतेस ते तरी थांबेल." मी लिहिलं. दीड पान झालं. काकूंनी केलेल्या दाव्याच्या अर्जाला जोडून पाठवलं.

उत्तर यायला उन्हाळा लागला. माझी एजन्सी रद्द झाली, ते मला अपेक्षितच होतं. पण काकूंना आलेल्या पत्रात जे होतं, ते नव्हतं. कंपनीने लिहिलं होतं की आजार सांगितला असता, तरीही या प्लॅनमध्ये आधीपासूनच्या आजाराला संरक्षण नव्हतं. सांगितला की लपवला, याने निर्णयात फरक पडत नाही. दावा नामंजूर.

मी ते काकूंना वाचून दाखवलं आणि वाचता वाचता माझ्या आत काहीतरी सैल होत गेलं. म्हणजे मी "नाही" लिहिलं म्हणून नव्हे. "हो" लिहिलं असतं तरी हेच. खरं सांगते, त्या क्षणी मला हलकं वाटलं. त्या हलकेपणाची लाज मला अजून वाटते.

काकूंनी विचारलं, "मग आजारी माणसांनी जायचंच नाय कुठे? त्यांना कोणीच देत नाय विमा?"

"देतात. दुसरे प्लॅन असतात. त्यात लिहायचं सगळं, थोडे जास्त पैसे भरायचे. मग जिवावर बेतलं तर आधीच्या आजारालाही देतात, ठरावीक मर्यादेपर्यंत."

"तो तुझ्याकडे होता?"

"होता. त्याच पडद्यावर, खालच्या ओळीत."

"त्यांना दाखवलास?"

"नाही."

"का गो?"

मी खूप शोधलं उत्तर. टूरवाल्याने स्वस्तातला सांगितला होता, हे खरं. सगळ्यांना तोच देत होते, हेही खरं. पण मी जे म्हणाले ते एवढंच: "मला माहीतच नव्हतं फरक काय आहे. मी वाचलं नव्हतं."

काकू उठल्या. पत्र घडी घालून सरांच्या पुस्तकांच्या कपाटात ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता येऊ नकोस काही दिवस. तुझा राग नाय. पण तू आलीस की ते पडतात परत. बाथरूममधला आवाज येतो मला."

मी पूल ओलांडून स्टँडवर आले. त्यांना तो आवाज येत होता आणि मला दुसरा. एकाच माणसाचे दोन आवाज आम्ही दोघी वाटून घेऊन बसलो होतो, आणि एकमेकींना ऐकवू शकत नव्हतो.

याला आता तीन वर्षं होतील. मी विमा विकत नाही. तिकिटं आणि फॉर्म चालू आहेत, पोटापुरते. काकूंना मी त्यानंतर एकदाच पाहिलं, कोलाडला, हायवेवरच्या एका खानावळीबाहेर. त्या कुठल्याशा लग्नाच्या गाडीतून उतरल्या होत्या. आम्ही उन्हाळ्याबद्दल बोललो, त्यांच्या गुडघ्यांबद्दल बोललो. सरांचं नाव निघालं नाही. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून हात केला. मी पण केला.

गेल्या पावसाळ्यानंतर मात्र एक सुरू झालं. अष्टमीची, रोह्याची माणसं अधूनमधून माझा जिना चढायला लागली. कुणाचा मुलगा दुबईला, कुणाची नेपाळची टूर. दुसऱ्याकडून घेतलेले विम्याचे कागद ती टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, सरांच्या बाईंनी पाठवलंय, म्हणाल्या तिच्याकडून वाचून घ्या, मगच जा. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी त्या माणसाला पाणी द्यायच्या निमित्ताने उठून आत गेले आणि बराच वेळ माठापाशी उभी राहिले.

मी वाचते. पैसे घेत नाही. काय मिळेल ते पटकन सांगते, काय मिळणार नाही ते सावकाश. परवा एक नवरा-बायको आले होते, पन्नाशीचे, पहिल्यांदाच बाहेर निघालेले. आजाराच्या रकान्यात "नाही" होतं. मी विचारलं, खरंच काही नाही? तो म्हणाला, काही नाही, ठणठणीत आहे. बायको साडीचा पदर बोटाला गुंडाळत बसली होती. मी पान उलटलं नाही. खालून एसटीचा हॉर्न वाजत होता. शेवटी ती म्हणाली, "सांगा ना त्यांना. शुगर हाय."

तो माझ्याकडे बघून कसनुसं हसला. "एजंट म्हणाला, लिहू नका."

"हो," मी म्हणाले. "तसंच म्हणतात." आणि फॉर्म दुरुस्त कसा करून घ्यायचा, ते मी त्यांना एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यायला लागले.